बार वाजायलाच हवा

हापूसच्या बागेत वानरांचा कळप उतरला की एका सकाळीत काय होतं, हे रत्नागिरी जिल्ह्यात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. मोहर ओरबाडला जातो, कैऱ्या अर्ध्या चावून खाली टाकल्या जातात, कोवळी पालवी जाते, माडावरची शहाळी धडाधड खाली येतात. रात्र झाली की रानडुकरांची पाळी. ती भाताची खाचरं तुडवतात आणि करांदे-सुरण मुळासकट उकरतात. या नुकसानीबद्दल बागायतदार कितीही चिडून बोलला तरी ते कमीच, हे आधीच मान्य करतो. पण त्या चिडीच्या पोटातून जी एक मागणी डोकं वर काढते, तिच्याशी माझं भांडण आहे. मागणी अशी: ठासणीची बंदूक आता पुरे झाली. एक बार काढला की कळप पांगतो, आणि दारू, छरे, चिंधी ठासून, केप बसवून दुसरा बार तयार होईपर्यंत वानरं पलीकडच्या वाडीत जाऊन बसलेली असतात. म्हणून शेतकऱ्याला लष्करासारखी आपोआप भरली जाणारी रायफल द्या, आणि तिच्या तोंडाला सायलेन्सर लावायची परवानगी द्या. आवाज नाही म्हणजे कळप पळणार नाही, कळायच्या आत चार-सहा लोळवता येतील, आणि एका हंगामात प्रश्न मिटेल. परदेशात शिकाऱ्यांना हे मिळतं, मग आमच्या शेतकऱ्यानेच काय घोडं मारलंय? ऐकायला हा युक्तिवाद बिनतोड वाटतो. माझ्या मते तो जवळजवळ प्रत्येक पायरीवर चुकलेला आहे, आणि त्यातली सगळ्यात मोठी चूक बंदुकीविषयीची नसून बागेविषयीची आहे.

सुरुवात शब्दापासूनच करू, कारण निम्मा घोटाळा शब्दानेच केलेला आहे. आपल्याकडे सायलेन्सर म्हणजे आधी मोटारसायकलचा. तो काढून टाकून, नाहीतर बदलून गावभर फटफट करत फिरणाऱ्या पोरांचे सायलेन्सर जप्त करून पोलिसांनी रस्त्यावर अंथरले आणि त्यावर रोडरोलर फिरवला, अशी छायाचित्रं महाराष्ट्रातल्या अनेक शहरांतून छापून आली आहेत. बंदुकीचा सायलेन्सर आणि गाडीचा सायलेन्सर ही सख्खी भावंडं आहेत. हायरम पर्सी मॅक्सिम या अमेरिकन अभियंत्याने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दोन्हींवर काम केलं, आणि बंदुकीच्या सायलेन्सरचं त्याचं पेटंट १९०९ सालचं. गंमत म्हणजे त्याचा बाप मशीनगनचा जनक; बापाने आवाज वाढवला, लेकाने तो कमी करायचा धंदा काढला. विकायला सोयीचं म्हणून त्याने ‘सायलेन्सर’ हे नाव दिलं, आणि पुढे सिनेमाने ते शब्दशः घेतलं. पडद्यावर खलनायक नळीला एक डबी फिरवतो, ‘फुस्स’ असा आवाज येतो आणि शेजारच्या खोलीतल्या माणसाची झोपही मोडत नाही. या क्षेत्रातले जाणते लोक म्हणूनच सप्रेसर म्हणतात, म्हणजे आवाज दाबणारा, मिटवणारा नव्हे. गाडीला सायलेन्सर असूनही गाडी येते ते कळतंच की.

आता रायफलीच्या पोटात शिरू. बार उडतो तेव्हा काडतुसातली दारू जळून प्रचंड दाबाचा वायू तयार होतो आणि तो गोळीला नळीतून पुढे ढकलतो. गॅसवर चालणाऱ्या रायफलीच्या नळीला मधे एक बारीक छिद्र असतं. गोळी त्या छिद्राच्या पुढे सरकली की थोडा वायू तिथून वळतो, पिस्टनला धक्का देतो, पिस्टन बोल्टला मागे लोटतो, रिकामी पुंगळी बाहेर फेकली जाते, आणि स्प्रिंगच्या जोरावर परत येताना बोल्ट मॅगझिनमधलं नवं काडतूस चेंबरमध्ये बसवतो. लष्करात नोकरी केलेल्या जुन्या मंडळींनी वापरलेली एसएलआर, पुण्याच्या पाषाणमधल्या एआरडीई संस्थेत आखलेली इन्सास, आणि सगळ्या जगाला ठाऊक असलेली कलाश्निकोव्ह, तिघींचं मूळ तत्त्व हेच. या सगळ्या हालचालीचा हिशेब एका गोष्टीवर बेतलेला असतो: गोळी तोंडाबाहेर पडली की नळीतला दाब पापणी लवायच्या आत उतरणार. सप्रेसरचं काम नेमकं याच्या उलट आहे. तो तोंडापाशी वायूला अडवतो, कप्प्याकप्प्यांतून फिरवतो, थंड होऊ देतो आणि मग हळूहळू सोडतो. म्हणूनच आवाज कमी होतो. म्हणजे नळीत दाब जास्त वेळ टिकतो, पिस्टनला ठरल्यापेक्षा जास्त धक्का बसतो, बोल्ट जास्त वेगाने मागे आपटतो. पुंगळी वेळेआधी ओढली जाते, कधी अडकते, सुटे भाग लवकर झिजतात. काजळीने भरलेला वायू पुढे जायची वाट तुंबलेली म्हणून मागे येतो आणि पुंगळी बाहेर पडायच्या खिडकीतून थेट नेम धरणाऱ्याच्या डोळ्यांत आणि नाकात जातो. एकेक काडतूस हाताने भरायच्या बोल्टच्या रायफलीत ही कटकट जवळजवळ नसते, कारण तिथे वायूकडून कुठलं कामच करून घ्यायचं नसतं. आवाज दाबायचा असेल तर मागणी करणाऱ्यांनी जी बंदूक निवडली आहे, ती त्या कामाला सगळ्यात गैरसोयीची.

यावर उत्तर तयार असतं: गॅसचं नियमन करता येतं. खरं आहे. एसएलआरला गॅस कमी-जास्त करायची सोय होतीच, आणि आजच्या अनेक रायफलींना सप्रेसरसाठी वेगळी खूण असलेला नियामक असतो. पण हे सारं करूनही हाती काय लागतं ते आकड्यांत पाहावं. सेनेच्या जातीच्या रायफलीचा आवाज नेम धरणाऱ्याच्या कानाजवळ साधारण १६० डेसिबलच्या आसपास असतो. चांगला सप्रेसर त्यातून वीस ते पस्तीस डेसिबल काढतो. डेसिबलचं माप साध्या बेरजेचं नसल्यामुळे ही घट कानाच्या दृष्टीने मोठी आहे, हेही कबूल; पण उरतात ते १३० च्या आसपासचे डेसिबल. आपल्याकडे फटाक्याला चार मीटरवर १२५ डेसिबलची मर्यादा आहे. मोजायची जागा आणि रीत वेगळी असल्याने या दोन आकड्यांची थेट वजाबाकी करू नये, पण ‘फुस्स’ कुठे आणि सुतळी बॉम्बच्या घरातला आकडा कुठे, एवढं त्यातून समजायला हरकत नाही. शिवाय सप्रेसर फक्त तोंडापाशी होणारा धमाका दाबतो. गोळी हवेतून जाताना जो कडाका काढते, त्याच्याशी त्याचा काही संबंध नाही. कोकणातल्या उबदार हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३५० मीटर जातो; इन्सासची गोळी नळीतून निघते ती सुमारे ९०० मीटर वेगाने, एसएलआरची सुमारे ८४०. आवाजाच्या पुढे धावणारी प्रत्येक वस्तू चाबकासारखा कडाका काढते, आणि तो गोळीच्या सगळ्या वाटेवर ऐकू येतो. तो नको असेल तर आवाजापेक्षा हळू जाणारी खास काडतुसं लागतात. आणि अशा काडतुसांचा वायू इतका मवाळ असतो की गॅसवर चालणारी यंत्रणा त्याच्यावर बऱ्याचदा धड चालतच नाही. दर बारानंतर बोल्ट हाताने ओढावा लागतो. म्हणजे लाखांच्या घरातली रायफल आणून, तिला डबी लावून, वेगळी काडतुसं शोधून शेवटी माणूस पुन्हा तिथेच येतो: एक बार, मग हाताने भरणं. ठासणीची बंदूक हेच काम आजोबांच्या काळापासून करते आहे.

मग सेना सप्रेसर का वापरते, हा पुढचा प्रश्न, आणि तो रास्त आहे. अमेरिकेच्या लष्कराने २०२२ मध्ये नवी ६.८ मिलिमीटरची रायफल निवडली ती सप्रेसरसकटच. तिथल्या मरीन कोअरनेही आपल्या पायदळाला सरसकट सप्रेसर दिले. पण सैनिकाला त्यातून जे हवं असतं त्याची यादी पाहिली की बागायतदाराचा तिच्याशी संबंध उरत नाही. नळीच्या तोंडाचा जाळ दिसू नये, उडालेल्या धुळीने जागा उघड होऊ नये, गोळी कुठून आली हे शत्रूला नेमकं सांगता येऊ नये, आणि चकमकीच्या गोंधळात शेजारच्या सोबत्याचा हुकूम ऐकू यावा. शत्रूला बार ऐकूच येणार नाही, असा दावा सेना करत नाही. वानर काही उलट गोळीबार करत नाही, की रानडुकराच्या टोळीला बागायतदाराचा ठावठिकाणा कळण्याची भीती नसते. शिवाय वायू सैनिकाच्या तोंडावर येऊ नये म्हणून त्या सैन्यांना सप्रेसरची रचनाच नव्याने आखावी लागली. ज्यांच्याकडे आखणीपासून शस्त्रकारागिरापर्यंत सगळा फौजफाटा आहे, त्यांना जी गोष्ट डोकेदुखीची ठरली, ती लांज्याच्या एखाद्या वाडीत तेलाच्या चिंधीवर चालेल, असं मानण्याला धाडस म्हणता येईल. विचार म्हणता येणार नाही.

पण समजा, उद्या कुणी खरोखरच निःशब्द रायफल शोधून काढली. तरीही माझा विरोध राहील, आणि खरा मुद्दा इथेच सुरू होतो. बागेत बंदूक कशासाठी असते? कायद्याच्या भाषेत ती पीकसंरक्षणासाठी असते. १९५९ च्या शस्त्र कायद्यात पिकाच्या प्रामाणिक रक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा वेगळा, नाव घेऊन उल्लेख आहे. ते कलम लिहिणाऱ्यांनी वीस इंची नळीची गुळगुळीत बंदूक संरक्षणासाठी आणि शिकारीसाठी ठेवली, आणि पिकासाठी ठासणीची वेगळी काढली. त्यामागे गरिबाला परवडणारी बंदूक एवढाच हेतू असेल, पण त्यातून एक शहाणपण आपोआप साधलं गेलं: राखणीच्या बंदुकीने मारण्यापेक्षा हाकलण्याचंच काम जास्त करायचं असतं. काळ्या दारूचा तो धूर, तो दणका, डोंगराला थडकून परत येणारा तो पडसाद, हाच त्या बंदुकीचा मुख्य माल, छरे जोडीला. हुप्प्या आवाज ऐकून कळप घेऊन निघून गेला की काम फत्ते. ज्या हत्याराचं निम्म्याहून जास्त काम आवाजच करतो, त्याला सायलेन्सर लावणं म्हणजे देवळातल्या घंटेला गोधडी गुंडाळण्यासारखं आहे.

इथे बागायतदार मला अडवेल आणि म्हणेल, साहेब, वानरं आता आवाजाला भीत नाहीत. फटाके लावून पाहिले, डबे बडवून पाहिले, कॅल्शियम कार्बाइडच्या पाइपचे बार काढून पाहिले. चार दिवस पळतात, पाचव्या दिवशी फांदीवर बसून आपल्याकडेच बघतात. हा आक्षेप या सगळ्या वादातला सगळ्यात वजनदार आहे, आणि त्याला ‘आवाज वाढवा’ असं उत्तर देणं पोरकटपणाचं होईल. प्राण्याला रिकाम्या आवाजाची सवय होते, हे शेतीच्या राखणीत जगभर दिसलेलं आहे. पण या निरीक्षणातून निष्कर्ष काय निघतो ते नीट पाहावं. सवय होते ती आवाज खोटा ठरतो म्हणून. ज्या आवाजामागे कधीतरी काहीतरी घडतं, त्याची सवय इतक्या सहज होत नाही; आणि आवाजाशिवाय जे घडतं, त्यातून प्राणी शिकणार तरी काय? कळपातलं एक वानर गुपचूप खाली पडलं तर उरलेल्यांच्या मनात या बागेची, या माणसाची, या वेळेची कुठली खूणगाठ बसणार? म्हणजे ज्या एका गोष्टीने भीती टिकते, ती आवाज आणि परिणाम यांची जोडगोळी, सायलेन्सर नेमकी तीच तोडतो. मग उरतो एकच उद्देश: हाकलणं सोडून द्यायचं आणि संपवायचं. ज्यांना ते हवं असेल त्यांनी तसं उघड म्हणावं. पीकसंरक्षण या शब्दाच्या आड उभं राहू नये.

आणि संपवायचं म्हटलं तरी रायफलीने, रत्नागिरीत? या जिल्ह्याची ठेवणच त्या हत्याराच्या विरोधात आहे. इथे गाव म्हणजे एका जागी बांधलेलं गाव नसतं. डोंगराच्या कुशीत, वहाळाच्या कडेला, सड्याच्या काठावर पसरलेल्या वाड्या असतात, आणि एका बागेच्या गडग्यापलीकडे दुसऱ्याचं परसू सुरू होतं. रानडूक जमिनीवर असतं, तेव्हा निदान गोळी मातीत जाईल अशी आशा तरी करता येते. तीही जांभ्याच्या कातळावर आपटून तिरपी उसळली नाही तर. वानर मात्र झाडावर असतं. त्याच्यावर झाडलेली गोळी वरच्या दिशेने जाते आणि तिच्यामागे माती नाही, भिंत नाही, नुसतं आकाश असतं. ठासणीच्या बंदुकीचे छरे काही अंतरावर जोर हरवून खाली पडतात. सेनेच्या जातीच्या रायफलीची गोळी अनुकूल कोनातून तीन किलोमीटरपलीकडे जाऊ शकते. म्हणजे सड्यावरच्या बागेतून सुटलेली गोळी खाडीपलीकडच्या गावात उतरू शकते. शिकारीला गेलेल्या मंडळींत एकाचा बार दुसऱ्यालाच लागल्याच्या बातम्या कोकणात अधूनमधून येतात, आणि त्या ठासणीच्या नाहीतर छऱ्यांच्या बंदुकीच्या असतात. त्यात आता किलोमीटरभर मारा करणारी गोळी घाला, आणि वर आवाजही दाबा. आज बार वाजला की पलीकडच्या काजूत बी गोळा करणारी बाई थबकते, हाक मारते, ‘कोण रे थंय?’ म्हणून विचारते. तिचा तो सावधपणा हेच या भागातलं सुरक्षेचं एकमेव फुकटचं साधन आहे, आणि सायलेन्सरने जे काही दबेल त्यात पहिल्यांदा तेच दबेल.

कानाचा मुद्दा मात्र मी टाळणार नाही. बंदुकीच्या आवाजाने कान कायमचे जातात, आणि १४० डेसिबलच्या वरचा एकच दणकाही अपाय करायला पुरतो. म्हणूनच नॉर्वे, फिनलंड, न्यूझीलंड या देशांत शिकाऱ्याने सप्रेसर लावणं साधी शिस्त मानली जाते. आयुष्यभर राखण केलेल्या माणसाला एका कानाने ऐकू येत नाही, ही कोकणात थट्टेची बाब झाली आहे, आणि ती तशी असायला नको. पण इलाज रोगाच्या मापाचा असावा. कानावर बसवायचे इअरमफ काहीशे रुपयांत मिळतात, त्यांना परवाना लागत नाही, आणि ते नेम धरणाऱ्याचा कान वाचवतात, शेजाऱ्याला बहिरं न करता. परवाना देताना कानाच्या संरक्षणाची अट घाला, कृषी खात्याने बंदूकधारकांना ते वाटावेत, असं कुणी म्हटलं तर मी पहिली सही करीन.

परदेशाचा दाखला देणाऱ्यांना एवढंच विचारावं की तिथलं अर्धंच का उचलता? त्या देशांत शिकार कायदेशीर आहे, तिचे हंगाम बऱ्याच ठिकाणी ठरलेले आहेत, शिकाऱ्याला परीक्षा द्यावी लागते किंवा बंदुकीची कडक नोंद असते, आणि तिथे सप्रेसर बहुतेक करून बसतो तो हाताने भरायच्या बोल्टच्या रायफलीवर. अमेरिकेतही सप्रेसर म्हणजे दुकानातून उचलावी अशी वस्तू नव्हे. १९३४ च्या कायद्याने त्यावर केंद्रीय नोंदणी आणि २०० डॉलरचा कर लागला, आणि अलीकडे कर शून्यावर आणला तरी नोंदणी राहिलीच. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकार हा हक्क उरलेला नाही. आणि शस्त्र नियमांच्या पहिल्या अनुसूचीत, अगदी पहिल्याच वर्गात, प्रतिबंधित वस्तूंमध्ये अर्धस्वयंचलित बंदुका बसवलेल्या आहेत, आणि त्याच वर्गात बाराचा आवाज किंवा जाळ कमी करणारी कुठलीही जोडणीही. प्रतिबंधित शस्त्र विनापरवाना बाळगलं तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान सात वर्षं आणि कमाल चौदा वर्षं कैद आहे. म्हणजे मागणीतल्या दोन्ही वस्तू एकाच यादीत आहेत. कायदा आहे म्हणून तो बरोबरच, असं मी म्हणत नाही. कायदे चुकीचेही असतात आणि शेतीच्या बाबतीत तर सर्रास. पण या नियमामागचं कारण इथे लागू पडतं का, हे तपासायला हवं, आणि ते लागू पडतं.

कारण आवाज ही साक्ष असते. रत्नागिरीच्या पूर्वेची सह्याद्रीची धार २०१० मध्ये झालेल्या सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे. चांदोली आणि कोयनेच्या जंगलांचा हा प्रकल्प सातारा, सांगली, कोल्हापूर आणि रत्नागिरी या चार जिल्ह्यांत पसरला आहे. भेकर, सांबर, गवा, बिबट्या, खवले मांजर, पिसोरी हे सगळं त्या जंगलात आणि त्याच्या पायथ्याच्या गावांत आहे. रात्री जंगलात बार वाजला तर गावाला कळतं, वनरक्षकाला कळतं, निदान सकाळी चौकशी तरी होते. आफ्रिकेत कॅमेरूनच्या कोरुप राष्ट्रीय उद्यानात चोरट्या शिकारीचा माग काढण्यासाठी झाडांवर ध्वनिमुद्रक बांधून बारांचे आवाज मोजले गेले. कुठे, कोणत्या दिवशी, किती वाजता शिकार होते हे त्या आवाजांवरून कळलं. आपल्याकडे हे काम अजून माणसांचे कान करतात. बागेतल्या वानरासाठी मंजूर झालेला सायलेन्सर बागेतच राहील असं मानायला मी तयार नाही. फासक्या आणि गावठी बॉम्ब आज वापरले जातात त्याचं एक कारण हेच की ते बंदुकीसारखे त्या क्षणी बोलून दाखवत नाहीत; फासकीत अडकलेला बिबट्या दुसऱ्या दिवशी सापडतो तेव्हा फासकी लावणारा घरी झोपलेला असतो. हत्यार निःशब्द झालं तर प्रामाणिक बागायतदाराला मिळणारा लाभ शंकास्पद आहे. चोरट्या शिकाऱ्याला मिळणारा लाभ अगदी नक्की आहे.

‘म्हणजे आम्ही ठासणी घेऊन बसून राहायचं?’ नाही. बंदुकीच्या बाबतीत बागायतदाराची खरी गाऱ्हाणी आहेत, आणि सायलेन्सरची मागणी त्यांचा आवाज दाबते, हीच मला तिची सगळ्यात वाईट बाजू वाटते. निवडणुकीची आचारसंहिता लागली की बंदुका पोलीस ठाण्यात जमा करायचे आदेश निघतात. लोकसभेसाठी रत्नागिरी-सिंधुदुर्गात मतदान झालं ते २०१९ मध्ये २३ एप्रिलला आणि २०२४ मध्ये ७ मे रोजी. आचारसंहिता दोन्ही वेळा मार्चपासूनच. मार्च ते मे म्हणजे हापूसचा सगळा हंगाम. ज्या तीन महिन्यांसाठी परवाना घेतला त्याच तीन महिन्यांत बंदूक ठाण्याच्या कपाटात. सरसकट जमा न करता छाननी समितीने एकेका धारकाचा विचार करावा, हे तत्त्व उच्च न्यायालयाने मान्य केलेलं आहे. ते पीकसंरक्षणाच्या परवान्यांना हंगामात आपोआप लागू व्हावं, ही मागणी रास्त आहे आणि तिला एका दमडीचा खर्च नाही. दुसरं, रानडुकराचं. पिकाला धोकादायक झालेल्या प्राण्याला मारायची परवानगी अधिकाऱ्याला देता येते, ही तरतूद वन्यजीव कायद्याच्या अकराव्या कलमात पहिल्यापासून आहे. अडचण ती परवानगी वेळेत हाती पडण्याची. केरळने २०२२ मध्ये हा अधिकार स्थानिक स्वराज्य संस्थांच्या प्रमुखांपर्यंत खाली आणला आणि परवानाधारक बंदूकवाल्यांची यादी केली. विष, स्फोटकं, विजेची तार यांना मनाई कायम ठेवली. तिथेही डुकरं संपली नाहीत, पण निर्णय घेणारा माणूस हाकेच्या अंतरावर आला. त्या यादीतल्या बंदुका साध्या, वाजणाऱ्या आहेत. तिसरं, वानरं-माकडं पकडून हलवण्याची वनखात्याची मोहीम, नसबंदी, सौर कुंपण: यातलं काय कुठे चालतं यावर वाद घालायला भरपूर जागा आहे. वानर कुंपणावरून उडी मारतं, डूक मारत नाही, एवढा साधा भेद लक्षात घेऊन अनुदानं दिली तरी बरंच साधेल.

आणि शेवटी, रायफल मागणाऱ्यांनी एकदा बागेत जाऊन राखणीला कोण बसलं आहे ते पाहावं. परवाना मालकाच्या नावावर असतो, आणि मालक पुष्कळदा रत्नागिरी शहरात, नाहीतर मुंबईत. शस्त्र कायद्याच्या ज्या कलमाने पीकसंरक्षणासाठी परवाना मिळतो ते भारतीय नागरिकासाठी आहे. फेब्रुवारीपासून मेअखेरपर्यंत पहाटे पाचला उठून कलमांखालून फिरणारा राखणदार मात्र बहुतेक बागांत नेपाळहून आलेला असतो, बायकापोरांसह मांगरात राहतो, आणि कळप आला की त्याच्या हातात असते ती गलोल, पत्र्याचा डबा आणि त्याचा स्वतःचा घसा.